न आलेल्या पाण्याचे आभार

विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. या खात्यातल्या माणसाला लग्नकार्यात कोणी आवर्जून पहिल्या पंगतीत बसवत नाही. पॉलिसी विकणारे आमचे सहकारी गोड बोलून माणसं जोडत, आणि त्यांनी जोडलेली माणसं तोडायचं काम आमच्याकडे असे. 'नाही' किती प्रकारे लिहिता येतं, हे मी तिथे शिकले. 'आपला दावा विचाराधीन आहे' म्हणजे नाही. 'कृपया मूळ कागदपत्रे सादर करावीत' म्हणजेही नाहीच, फक्त तीन महिन्यांनी. आणि पत्राची सुरुवात 'सहानुभूतीपूर्वक विचार करूनही' अशी असेल, तर पुढचं वाचायची तसदी घेऊ नये.

यात मी चांगली होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कल्याणचे एक साडीवाले दुकानात पुराचं पाणी शिरलं म्हणून दावा घेऊन आले होते. पाहणीला गेले तर दुकानभर ओल्या साड्यांचे गठ्ठे, आणि मालक डोळे पुसत मला चहा पाजतायत. मी एका गठ्ठ्यातली सगळ्यात खालची साडी ओढून काढली. ती कोरडी ठणठणीत, आणि वरच्या दहा साड्या चिंब. पुराचं पाणी खालून चढतं, एवढं एकच त्या गृहस्थांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी साडी परत जागेवर ठेवली आणि चहा संपवला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दावा मागे घेतला, आणि पुढे कित्येक वर्षं मला दिवाळीला मिठाईचा पुडा पाठवत राहिले.

तेव्हापासून माझी अशी समजूत झाली की कागदाच्या बाबतीत मला कोणी बनवू शकत नाही. निवृत्तीला सात महिने राहिले असताना ही समजूत संपली. मला कोणी बनवलं नाही, माझी मीच बनले.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते. महापालिका एखादं काम कंत्राटदाराला देते, तेव्हा तो ते अर्धवट टाकून पळणार नाही याची हमी मागते. पूर्वी ही हमी फक्त बँका देत. अलीकडे विमा कंपन्याही देऊ लागल्या. त्या कागदाला आम्ही ऑफिसात बाँड म्हणतो. साध्या भाषेत सांगायचं तर कंपनी कंत्राटदाराला जामीन राहते. तो पळाला तर जामीनदाराने एकतर काम पुरं करून द्यायचं, नाहीतर ते पुरं करायचा खर्च द्यायचा. कुठलाच जामीनदार हे हसत करत नाही. कंत्राटदार पळाला की महापालिका जामीनदाराकडे येते आणि जामीनदार पहिला प्रश्न विचारतो, तो पळाला हे कशावरून?

आता महापालिका कुठली, ते मी सांगणार नाही. ठाण्याहून निघून कल्याणला पोहोचेपर्यंत ज्या काही महापालिका लागतात, त्यातली कुठलीही समजा. माझं ऑफिस ठाण्याला होतं आणि घर या पट्ट्यात एका टेकडीवर, चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. टेकडीवर असल्यामुळे नळाला जोर नाही, म्हणून आमच्याकडे पाणी टँकरचं. सुट्टीच्या दिवशी मी आणि माझे यजमान मोहन कपड्यांचं गाठोडं घेऊन डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे धुवायला जात असू. बहीण कधी काही बोलली नाही. तिचा नवरा मात्र आम्ही आलो की मीटरकडे बघून यायचा.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बाळारामकाका. टेकडीवरची बरीचशी जमीन एकेकाळी त्यांच्या घरची. इमारती उठल्या, काकांना त्या बदल्यात आमच्या इमारतीत दोन फ्लॅट मिळाले आणि टेकडीच्या डोक्यावरचा एक खडकाळ तुकडा शिल्लक राहिला. पाण्याच्या टाकीसाठी महापालिकेला उंचावर जागा हवी होती, तेव्हा तो तुकडा काकांनी देऊन टाकला. मोबदल्याचे कागद त्यांनी नीट वाचलेही नसतील. त्यांची अट एकच होती, पहिलं पाणी टेकडीला. मी त्याच सोसायटीची सचिव. हे पद कोणालाच नको असतं, आणि ऑफिसात काम करणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येतं असा सर्वांचा विश्वास असतो.

टाकी दीड वर्षात उभी राहिली. निळा पांढरा रंग लागला, घोषवाक्यही रंगवलं गेलं. तिच्यात पाणी आणणारी वाहिनी आणि पाणी खाली सोडणारे पाइप एवढंच राहिलं. तेवढ्यात विधानसभेची आचारसंहिता लागणार अशी हवा झाली आणि लोकार्पण ठरलं. आमच्याकडचे नगरसेवक तेव्हा माजी होते, कारण निवडणुकाच बरीच वर्षं झाल्या नव्हत्या, पण बॅनरवर ते कायम आजी असत. टाकीखाली मांडव पडला. व्यासपीठावर एक चकचकीत नळ बसवला होता. पाहुण्यांनी तो उघडला, पाणी आलं, टाळ्या झाल्या. नळाचा पाइप मांडवाच्या मागे उभ्या केलेल्या टँकरला जोडलेला होता. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण तो आमचा नेहमीचाच टँकर होता. जाताना प्रत्येकाला पाण्याची एक बाटली मिळाली.

त्याच मांडवात नगरसेवकांचा एक कार्यकर्ता सोसायट्यांच्या सचिवांना गाठत होता. हातात टाइप केलेली आभारपत्रं, सोसायटीच्या नावापुरती जागा मोकळी. आमच्याकडे ही पद्धतच आहे. रस्त्याचं डांबर पडायच्या आधी रस्त्याबद्दल आभार मानायचे, दिवा लागायच्या आधी दिव्याबद्दल. आधी आभार मानले की समोरचा बांधला जातो, असा सगळ्यांचा हिशेब. पत्रात लिहिलं होतं की आजपासून आमच्या सोसायटीस उच्च दाबाने मुबलक पाणीपुरवठा सुरू झाला असून रहिवाशांत आनंदाचे वातावरण आहे. कार्यकर्त्याने ते आधी अध्यक्षांपुढे धरलं. काकांनी विचारलं, पाणी कुठे आहे. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत येतंय. काकांनी हात मागे बांधले.

"पानी येऊ दे," ते म्हणाले. "मंग सही करीन."

कार्यकर्ता माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही तरी शिकलेल्या आहात. आपली एकच सोसायटी राहिली तर बरं दिसतं का?"

मी सही केली. सचिव, सौ. नीला सावंत. शिक्काही पर्समध्ये होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला व्यवहार कळत नाही.

दिवाळी आली, पाणी आलं नाही. पुढे महापालिकेने नोटिसा काढल्या. कंत्राटदाराचं ऑफिस घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत होतं. नोटीस घेऊन गेलेल्या माणसाला तिथे जिमचं उद्घाटन चाललेलं दिसलं. महापालिकेने कंत्राट रद्द केलं आणि हमीदारावर दावा लावला, काम पुरं करून द्या. हमीदार म्हणजे आमची कंपनी. फाइल माझ्या टेबलावर आली.

नियम सरळ होता. मी पहिल्याच दिवशी साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं की या टाकीखाली मी राहते, ही फाइल दुसऱ्याला द्या. मी गेले नाही. मनात म्हटलं, फाइल आपल्याकडेच राहिलेली बरी, दावा खरा आहे, झटपट मंजूर करून टाकू. तीन आठवडे मी कंपनीच्या पगारावर माझ्याच नळाचं काम करत होते, आणि त्याची मला जराही टोचणी नव्हती.

मग आमचे वकील, ॲडव्होकेट देसाई आले. तिशीतला हुशार मुलगा. कंत्राटदाराने गाशा गुंडाळण्यापूर्वी आमच्या कंपनीला एक जाडजूड पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं, ते त्यांनी फोडलं होतं. त्यात लोकार्पणाची निमंत्रणपत्रिका, 'पूर्णत्वास गेलेल्या' असं कोरलेल्या कोनशिलेचा फोटो, पाहुणे नळ उघडतानाचा फोटो, आणि नगरसेवकांकडून मिळवलेली चार सोसायट्यांची आभारपत्रं. चौथं आमचं.

"मॅडम, केस खिशात आहे," देसाई म्हणाले. "काम पूर्ण झालं, पाणी सुरू झालं, लोक खूश झाले. काम पूर्ण म्हणजे आपली हमी संपली. महापालिकेच्या पत्रिकेचं एक वेळ सोडा, पण चार सोसायट्या खोटं कशाला लिहितील?"

मी चष्मा पुसला. इथे एक खुलासा करायला हवा. नोकरीला लागले तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, आणि ऑफिसच्या रेकॉर्डवर मी माहेरच्या नावानेच राहिले. ठाण्यात मी राणे मॅडम, टेकडीवर सावंतबाई. चौथ्या पत्रावरची सावंतबाई समोरच बसून चष्मा पुसते आहे, हे देसाईंना कळायचं काही कारण नव्हतं. आणि मी बोलले नाही तर कोणालाच कधी कळलं नसतं.

मी क्लेम्सवाली डोकेबाज वाट काढली. सर्व्हेअर पाठवला. म्हटलं, तो टाकी आतून बघेल, कोरडी आहे असं लिहील, पत्रं आपोआप खोटी पडतील आणि माझं नाव कुठे येणार नाही. सर्व्हेअर टाकीवर चढला, आत उतरला, फोटो काढले आणि अहवाल दिला की टाकी कोरडी आहे, तथापि आज कोरडी आहे म्हणजे पूर्वी कधी पाणी नव्हते असे खात्रीने म्हणता येत नाही. सबब सोसायट्यांच्या पत्रांवर भिस्त ठेवणे इष्ट. वाहिनी जोडलेली नाही, याबद्दल त्याने लिहिलं की ती नंतर काढून नेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. असे अहवाल लिहायला या सर्व्हेअरना मीच शिकवलं होतं.

मग महापालिकेचे कार्यकारी अभियंता पाटील बोलणी करायला आमच्या ऑफिसात आले. थकलेला, पोट सुटलेला, प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, पत्रिका छापते जनसंपर्क खातं, कोनशिला करतो मांडववाला, काम पूर्ण झाल्याचा दाखला देतो मी, आणि तो मी दिलेला नाही. देसाईंनी चार पत्रं त्यांच्यापुढे सरकवली. पाटलांनी एकेक उचलून वाचलं. चौथं हातात धरून ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, टाकीला पाइपच नाहीयेत. या सावंतबाई कोण आहेत त्यांना एकदा समोर बसवा आणि फक्त एवढंच विचारा, की बाई, कुठल्या नळाला पाणी आलेलं?"

मी म्हटलं, विचारते. चहा आला होता, तो मी त्यांना स्वतः ओतून दिला. अर्धा बशीत गेला.

घरी येऊन मोहनला सांगितलं. तो एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बोलायला कमी आणि टोमण्याला पक्का. म्हणाला, तू तेहतीस वर्षं लोकांना विचारत आलीस की सही करण्याआधी वाचलं होतं का, आता तुला कोणीतरी विचारायला हवं. मग हसला आणि बादली घेऊन खाली गेला, कारण टँकर आला होता. मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्यामागे दुसरी बादली नेली नाही.

काकांकडे गेले. कंपनी कशी अडली आहे ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"टाकीत पानी नाय, ह्ये सांगाया येवढे कागद कशाला लागतात?"

मी म्हटलं, पाणी आलं असं लिहून दिलेला कागद आहे म्हणून. आणि तो कागद माझा आहे. काका खिडकीकडे वळले. खिडकीतून टाकी दिसत होती. ती दिसत नाही अशी एकही खिडकी आमच्या इमारतीत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मंग जा नि सांग," ते म्हणाले. "सही तू केलीस, तोंड पन तुलाच उघडावं लागंल."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. साहेब चांगले होते, म्हणजे सगळ्यांचं चांगलं चालावं असं त्यांना वाटे. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, मॅडम, सात महिने राहिलेत, पेन्शनचे कागद चाललेत. फाइल मी जोशींकडे देतो. तुम्हाला कोणी काही विचारणार नाही, तुम्हीही काही सांगू नका. चार दिवस रजा घ्या. हे सगळं त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मी रजेचा अर्ज लिहूनच बाहेर आले.

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. रजेच्या दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी होते. पुढे शेजारच्या सोसायटीचे सचिव, दोन कॅन घेऊन. पाकिटातल्या चार पत्रांपैकी एक त्यांचंही होतं. मी सहज विचारावं तसं विचारलं, कोणी चौकशीला आलं तर ते पत्र खोटं होतं असं सांगाल का. ते कॅनचं बूच फिरवता फिरवता म्हणाले, वहिनी, नगरसेवकाशी वाकडं कोण घेणार, उद्या पाण्यासाठी त्यांच्याकडेच जायचंय. कॅन भरले, एकेका हातात एकेक घेतला आणि वाकून चालत गेले. माझी पाळी आली तेव्हा टँकर संपला.

रिकामा हंडा घेऊन तीन जिने चढताना माझं डोकं फिरलं. रजा रद्द करून मी दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेले. केबिनमध्ये देसाई आणि जोशी त्याच फाइलवर बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं की चौथ्या पत्रावरची सही माझी आहे, त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, आजपर्यंत आलेलं नाही, आणि हे मी प्रतिज्ञापत्रावर द्यायला तयार आहे. जोशींनी फाइल मिटली. देसाईंनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मला एक कळू द्या. तुम्ही कंपनीच्या बाजूने आहात की महापालिकेच्या?"

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते," मी म्हटलं. "लिफ्ट नाही."

कंपनीने वाद आवरता घेतला. हे माझ्या सत्यवचनाने विरघळून झालं असं कोणी समजू नये. आपल्याच क्लेम्स खात्यातली बाई समोरच्या बाजूने उभी राहिली तर काय शोभा होईल, हे मुख्य कार्यालयाला नीट कळलं होतं. हमीच्या अटीप्रमाणे दुसरा कंत्राटदार नेमून उरलेलं काम पुरं करून द्यायचं ठरलं. मला मेमो मिळाला. माहिती दडवून फाइल हाताळली याचा खुलासा मागितला होता, आणि शेवटच्या ओळीत विचारलं होतं की आपण असत्य मजकुराच्या पत्रावर सही कोणत्या परिस्थितीत केलीत. मी तीन खुलासे लिहिले आणि फाडले. चौथ्यात लिहिलं, नको म्हणायचा कंटाळा आला म्हणून. मला समज देण्यात आली. निवृत्तीच्या समारंभाला साहेबांना अचानक मुंबईला जावं लागलं. देसाई मात्र आले, गुलाबाचं फूल घेऊन.

निवृत्तीनंतर चार महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी पाणी आलं. आधी नळ खोकला, मग लालसर गढूळ आलं, मग स्वच्छ. मोहनने घरातली होती नव्हती ती सगळी भांडी भरली, वाट्यासुद्धा. मी गॅलरीत गेले. काका खाली आवारातल्या नळाखाली पाय धरून उभे होते आणि नळ बंद करत नव्हते. मला रडू आलं, आणि ते कोणी पाहिलं नाही म्हणून मी ते पुरतं रडून घेतलं.

महिन्याभराने सोसायटीची वार्षिक सभा झाली. आभारपत्राची हकीकत मी स्वतःच सांगितली, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. मला वाटलं होतं, लोक म्हणतील, जाऊ द्या, पाणी आलं ना. पाणी आलेली माणसं असं म्हणत नाहीत, त्यांच्याकडे वेळ असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनी विचारलं, त्या पत्राला समितीची मंजुरी होती का. नव्हती. शिक्का कोणाच्या परवानगीने वापरला. माझ्याच. बाकीच्या तीन सोसायट्यांचे सचिव आजही आपापल्या जागी आहेत, आणि मी ते सभेत बोलूनही दाखवलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. मला पदावरून दूर करावं असा ठराव आला.

मी काकांकडे पाहिलं. हा माणूस माझी बाजू घेईल याची मला खात्री होती. त्यांनी अध्यक्ष म्हणून ठराव मताला टाकला, आणि सगळ्यांत आधी स्वतःचा हात वर केला. "चुकली ती," ते म्हणाले. "उशिरानं का होईना, खरं बोलली. पन चुकली."

मला पहिल्यांदा वाईट वाटलं, मग राग आला, आणि मग लक्षात आलं की माझाही हात वर गेला आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त लिहायला मात्र दुसरं कोणीच पुढे येईना, तेव्हा ते रात्री बसून मीच लिहून काढलं. त्यात एक शब्दही खोटा नाही.